पेजेचा निळा पेला

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच माणसं होतो. आमचे हे, मामंजी आणि मी. हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. मामंजींचा जन्म गलबतावर गेलेला. आता ते ओसरीवर बसून पान लावायचे आणि मुलाच्या प्रत्येक बोलण्यावर शंका काढायचे. माझं माहेर देवरूखकडचं. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे जेवताना बापलेकांचे वाद सुरू झाले की मला नाटक बघायला बसल्यासारखं वाटायचं.

एकदा हे म्हणाले, "आपण जेवतो ते अन्न शरीरात जळतं. त्यातूनच आपल्याला शक्ती मिळते, अंग गरम राहतं."

मामंजींचा घास हातातच राहिला. "जळतं? मग धूर कुठं जातो रे?"

"नाकातून."

"माझ्या नाकातून धूर आलेला तू बघितलास?"

हे जेवणावरून उठले नाहीत एवढंच. हात धुतल्या धुतल्या त्यांनी मामंजींच्या पानाच्या तबकातला चुना घेतला, पाण्यात कालवला आणि वरची निवळी पेल्यात काढली. परसातून पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला आणि वडिलांच्या हातात दिला. "फुंका ह्यातून."

मामंजी फुंकत राहिले. बुडबुडे येता येता ती काचेसारखी निवळी दुधासारखी पांढरी झाली. "लाकूड जळताना जो वायू निघतो, तोच हा," हे म्हणाले.

मामंजींनी पेला उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "बरं, जळतं. पण चूल पेटवायला निखारा लागतो. साखर नुसती डब्यात ठेवली तर वर्षभर तशीच राहते. पोटात कोण काडी लावतो?"

प्रश्न खरंच चांगला होता. हे खूश होऊन पाटावरच मांडी ठोकून बसले. शरीरात एन्झाइम नावाची द्रव्यं असतात, म्हणाले. जे काम एरवी जाळाशिवाय व्हायचं नाही, ते ती अंगाच्या साध्या उबेत करतात, टप्प्याटप्प्यानं. आणि काम करून स्वतः संपत नाहीत.

"म्हणजे दाभोळच्या खाडीतल्या वाटाड्यासारखं," मामंजी म्हणाले. "तोंडाशी वाळूचा दांडा आहे. गलबत आपलं आपण अडकून बसतं. वाटाड्या चढतो, सोपी वाट दाखवतो, आत नेऊन सोडतो नि उतरून दुसऱ्या गलबताकडे जातो."

"हे मी व्याख्यानात सांगणार!" हे ओरडले.

व्याख्यान शाळेच्या हॉलात होतं, रविवारी दुपारी, सगळ्या गावासाठी. हे आठवडाभर घरात तालीम करत होते. भाताची पातळ पेज पेल्यात घ्यायची, त्यात जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब टाकायचा. पेजेतल्या पिष्टामुळे ती निळी होते. मग त्यात थुंकी टाकायची. थुंकीतलं एन्झाइम पिष्टाची साखर करत जातं आणि निळा रंग हळूहळू नाहीसा होतो. थुंकी आधी उकळली तर मात्र काही होत नाही, कारण एन्झाइम बिघडतं. घरी हे दरवेळी जमलं. पेज मी करायची.

त्या दिवशी हॉल भरला. पुढे पुरुष, मागे चटयांवर बायका. वाटाड्याची गोष्ट लोकांना भारी आवडली. पेज निळी झाली तेव्हा वाहवा झाली. मग ह्यांनी पेला तोंडाशी धरला आणि त्यांचं तोंड कोरडं पडलं. तासभर बोलून आणि घाबरून घशाला शोष पडलेला. हे खाकरले, ओठ हलवले, कसाबसा एक थेंब पडला. निळा रंग जागचा हलला नाही.

"मास्तर, थुंकी नापास!" पुढून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"कोणीतरी या," हे म्हणाले. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. चारचौघांत थुंकायचं, तेही पेल्यात! उष्ट्याचा विषय. कोणी उठेना. ह्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

मी कधी उठले मला कळलंच नाही. मधल्या वाटेनं चालताना मीठ लावलेलं आमसूल डोळ्यांपुढे आणलं, तर तोंडाला सुटलं पाणी. पेला घेतला, भिंतीकडे तोंड केलं, पदराआड थुंकले आणि पेला ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी पेला दोन्ही तळव्यांत धरला, ऊब मिळावी म्हणून. निळा रंग जांभळा झाला, मग तांबूस, मग फिका. शेवटी पेल्यात नुसती पेज राहिली.

पहिली टाळी मामंजींची. "शाब्बास गो पोरी!" असं ते गलबतावरून हाक मारावी तसं ओरडले. मग सगळेच टाळ्या वाजवू लागले.

शेजारच्या काकूंनी महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यांच्या सुनेनं मात्र परसदारी गाठून विचारलं, "वहिनी, तान्ह्याच्या थुंकीत पण असतं का हो ते?" मला सांगता येईना. ह्यांना विचारून सांगते, म्हणाले, आणि स्वतःचाच राग आला. दरवेळी ह्यांनाच का विचारायचं?

रात्री जेवताना मी म्हटलं, "मला पुढचं शिकायचंय."

हे मामंजींकडे बघू लागले. मामंजी म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? पुस्तकं आण."

तीन वर्षं भांडी घासून झाली की मी अभ्यासाला बसायची. मामंजी शेजारी पान कुटत बसायचे आणि मी अडले की ह्यांना हाक मारायचे. मास्तरकीसाठी लागणाऱ्या सातवीच्या फायनलच्या परीक्षेत अन्नपचनावर एकही प्रश्न नव्हता. हवेच्या दाबावर होता. तो मी सोडवला, पास झाले, आणि त्या पावसाळ्यानंतर मुलींच्या शाळेत शिकवायला लागले.