लाल खिडकी न पाहता उघडलेला कॅमेरा

सन १९८४: जांब समर्थला पत्नीचा फोटो काढून फिल्म कॅमेऱ्यातच विसरलो, जबाबदार मी. सन १९९९, जालन्यातील जुन्या कॅमेऱ्यांचा मेळा: आत फिल्म आहे का, हे मागच्या लाल खिडकीतून न पाहताच त्याच कॅमेऱ्याचे झाकण उघडले, जबाबदार माझे एक स्टुडिओवाले मित्र.

मी कडाडलो. ते म्हणाले, "दावा मंग ठोका, साहेब, आधी फिल्म तर धुऊ द्या!"

फिल्म धुतली, तर गुंडाळीच्या बाहेरच्या वेढ्यांवरचे सारे फोटो उजेडाने गेले होते. सर्वांत आतला पहिला फोटो मात्र शाबूत निघाला: उसाचे कांडे दातांत धरून हसणारी पत्नी. मी मित्राला मिठीच मारली.

तरीही पुढच्या मेळ्यात त्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: लाल खिडकी का पाहिली नाही? माझ्या विसराळूपणाचे उत्तर त्याच व्यासपीठावर मी देईन. पत्नी पहिल्या रांगेत बसणार आहे.