किहीमच्या बंद बंगल्यातली बाई

काही प्रकरणं अधिकाऱ्याच्या काळजावर कायमची कोरली जातात, असं आम्ही निवृत्त लोक लिहितो. खरं म्हणजे बहुतेक मी विसरलो आहे. हे लक्षात राहिलं, कारण छापा घालायला गेलेलं माझं पथक बूट काढून बाहेर ताटकळत बसलं होतं.

खबर दिली ती किहीमच्या एका बंगलेवाल्यांनी. शेजारचा बंगला आठवडाभर बंद असतो, मालक फक्त शनिवारी बोटीने मुंबईहून येतात. तरी एक बाई रोज दिवसातून अनेकदा आत जाते, खिडक्या लावून घेते आणि अर्ध्या तासाने बाहेर पडते. रखवालदार फाटकावर पहारा देतो. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, फक्त वस्ती सभ्य लोकांची आहे एवढं तीनदा सांगितलं.

हवालदाराला साध्या कपड्यात दोन दिवस समोरच्या माडाखाली बसवलं. त्याचा अहवाल निराशाजनक होता. बाई एकटीच जाते, एकटीच येते, सकाळी हीच बाई बाजारात मासळी विकते. "साहेब, गैरधंदा असेल तर गिऱ्हाईक कुठंय?" तो म्हणाला. तरीही तक्रारदार वजनदार होते, म्हणून आम्ही गेलो.

महिला शिपायाने दार ठोठावलं. आतून शांत आवाज आला, "आत येऊ नका. जंतू जातील. ईस मिनटं थांबा."

पोलिसांना असं कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही थांबलो.

दार उघडलं तेव्हा तोंडाला मास्क लावलेली एक कोळीण उभी होती. पडद्याच्या दांडीला रिकामी पिशवी लटकत होती, कोपऱ्यात खोक्यांची चळत होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत्या. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, असं दिवसातून चार वेळा. घरच्या घरी डायलिसिस. त्यामुळे तिचा बाजार चालू होता, आणि बाजारावर घर चालू होतं.

रखवालदाराला ठाण्यात आणलं. तो तिचा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी चहा मागवला. धमकीने गप्प होणारी माणसं चहाने बोलतात, हा माझा अनुभव. कप खाली ठेवून तो म्हणाला, "इस्पितळानं सांगितलं, वेगळी खोली पायजे, फोटो दाखवा. आमचे घरात एकच खोली हाय. जाळी, सुकट, पोरं, सगळी तिथंच. फोटो कशाचा काढायचा, साहेब?"

त्याने मालकाच्या पाहुण्यांच्या खोलीचा फोटो दाखवला होता. इस्पितळ खूश झालं. पाण्याच्या पिशव्यांची खोकीही बंगल्याच्या पत्त्यावर येऊ लागली. शनिवार-रविवारी मालक यायच्या आत खोकी हलवून ती आपल्या घरी लुगड्याचा आडोसा करून तेच करायची. संसर्ग एकदाही झाला नव्हता. पण आडोशाचा फोटो कोणी मागितला नव्हता.

मालकांशी फोनवर बोललो. माणूस सुशिक्षित, आवाज मऊ. "प्रश्न खोलीचा नाही हो, तत्त्वाचा आहे," ते म्हणाले. त्यांना खटला नको होता, वर्तमानपत्रात बंगल्याचं नाव येईल म्हणून. फिर्याद दिली नाही, रखवालदाराला कामावर ठेवलं, खोलीला कुलूप लावलं. पुढची खोकी घेऊन आलेली गाडी त्यांच्या सांगण्यावरून फाटकावरून परत गेली. इस्पितळाने नवा पत्ता आणि नवा फोटो मागितला. तिने या वेळी खरा दाखवला. तो नामंजूर झाला. मी स्वतः तिथल्या डॉक्टरांना भेटून आडोशाचं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि नियम दाखवला.

आता ती आठवड्यातून तीन दिवस अलिबागला यंत्रावर असते. जाण्यायेण्यात दिवस जातो, उरलेल्या दिवशी अंगात त्राण नसतं. बाजारातली तिची जागा जावेने घेतली आहे.

ठाण्यात वर्षानुवर्षं मी घरात घुसणाऱ्यांना पकडलं. घर नसल्यामुळे घुसावं लागतं, यासाठी दंडसंहितेत कलम नाही, हे या प्रकरणात कळलं. घरच्या घरी उपचार ही उत्तम सोय आहे. त्या सोयीला आधी घर लागतं.

मध्यंतरी रखवालदार भेटला. त्या खोलीत आता काय आहे, मी विचारलं. मालकांनी व्यायामाची सायकल आणून ठेवली आहे म्हणाला. अजून खोक्यातून काढलेली नाही.