पाहिलेलं आणि ऐकलेलं

बल्गेरियन आप्पा स्वतः न पाहिलेली गोष्ट घडली असं कधी सांगत नसत. बस डोळ्यांसमोरून गेली तरच ‘गेली’. दुसऱ्यानं सांगितलं तर ‘गेली म्हणे’. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आम्ही कारकून त्यांची थट्टा करायचो. “आप्पा, जेवलासा का?” “जेवलो. बघून जेवलो रं.”

ही सवय त्यांना बल्गेरियात लागली. पान वाळवायची तिकडची पद्धत शिकायला मालकांनी त्यांना वर्षभर धाडलं होतं. पुढं १९७८ साली तिकडचे खरेदीदार आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा भाषा शिकायची पाळी माझ्यावर, म्हणजे हिशेबनिसावर आली. रोज दुपारी आप्पांच्या घरी शिकवणी.

मला वाटलं होतं, शब्द पाठ केले की झालं. पण तिकडं एकेका क्रियापदाची जोडी: काम पुरं होणारं असेल तर एक, चालू राहणारं असेल तर दुसरं. त्यावर काळ, त्यावर पुरुष. मी रेघा मारून तक्ता आखला, कागद पुरेना. सगळ्यांत अवघड म्हणजे पाहिलेल्याचं रूप वेगळं, ऐकलेल्याचं वेगळं. ‘दोइदे’ म्हणजे आली, मी पाहिली. ‘दोश्ला’ म्हणजे आली म्हणे.

“तुझी काकू वारली म्हणे,” एकदा ते उदाहरण दिल्यासारखं म्हणाले.

काकू म्हणजे त्यांची बायको. ते परदेशात असताना ती तापानं गेली होती. ते परतले तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. भावकीनं दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. त्यांची मुलगी शांताक्का संकेश्वरहून यायची आणि रडायची. “आप्पा, आईचा जीव तुमच्यासाठी अडकलाय. नदीवर चला, तुमच्या हातानं पिंड ठेवा.”

“न बघितलेल्या मरणाचा पिंड कसा ठेवू गं?”

एका दुपारी ‘बाई आली’ हे वाक्य मी ऐकलेल्या रूपात म्हटलं. आप्पांनी दुरुस्त केलं, “दोइदे.”

“आप्पा, ते पाहिलेल्याचं.”

“व्हय. सरक जरा, बसू दे तिला.”

मी सरकलो. दार बंद होतं, वारा नव्हता. तरी माझ्या उजव्या दंडाला गारवा लागला, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

हे मी शांताक्काच्या कानावर घातलं. या वेळी ती रडली नाही. आप्पांसमोर येऊन बसली.

“रोज येती?”

“व्हय.”

“बोलती?”

“न्हाय. नुसती दाराकडं बघत बसती.”

“मग तिला जायचंय, आप्पा.”

“उद्या नदीवर जाऊ,” आप्पा दाराकडं बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर आम्ही तिघंच होतो. आप्पांनी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसले होते, एकही उतरेना. शांताक्का हात जोडून म्हणत राहिली, “आई, आप्पांना मी माझ्याकडं नेते. त्यांना काही कमी पडू देत न्हाय.” कावळे हलले नाहीत. शेवटी आप्पा वाळूत चार पावलं पुढं झाले.

“जा आता,” ते म्हणाले. “माझ्यापायी थांबू नगंस.”

एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

“गेली, आप्पा?” शांताक्कानं विचारलं.

“गेली.”

ते पैलतीरावरच्या पायवाटेकडं बघत होते. मला तिथं कुणी दिसलं नाही. आप्पांनी हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.