साहेब अजून आले नाहीत

सावलीकाकांना हे नाव गल्लीनेच दिलं होतं. भर दुपारी कुठल्याही कचेरीसमोर उभं करा, हा माणूस गाडीसाठी सावली शोधून काढणारच. एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवण्यात त्यांची हयात गेली. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, काका मात्र तेच राहिले. साहेबांना दारात उतरवायचं, डिकीतली बॅग काढून द्यायची, गाडी सावलीत लावायची आणि सीट मागे करून डोळे मिटायचे. बोलावलं की हजर. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

खोट एवढीच, की घरच्यांनाही ते याच पद्धतीने पोचवत आले. लेकीच्या शाळेचं संमेलन असो की मेव्हण्याचं लग्न, काकूंना दारात सोडलं की स्वारी गाडीत. "आत या की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "गाडीपाशी कोणीतरी हवं ना!" गाडी काय तान्हं बाळ होती, की एकटी राहिली तर रडली असती? काकूंची आई दवाखान्यात वारली, त्या दिवशीही काका आवारातल्या झाडाखाली होते. काकूंनी वर एकटीने रडून घेतलं, खाली येऊन काचेवर टकटक केली आणि मुकाट्याने गाडीत बसल्या. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बायका सगळंच त्या त्या वेळी बोलत नाहीत, म्हणून तर संसार चालतात.

काका निवृत्त झाले आणि लेकीने दोघांसाठी लांबच्या एका समुद्रकिनाऱ्यावर खोली घेतली. स्वतःची गाडीही दिली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी बजावलं, "मला समुद्राचं कौतुक नाही. शेजारी बसून दोघांनी बघायचा, एवढंच हवंय. एकदा करा. पुन्हा काही मागणार नाही."

"बसतो की! त्यात काय मोठंसं!"

वाटेत काकू उत्साहाने बोलत होत्या आणि काका "हं" म्हणत होते. गाडीतल्या माणसांचं बोलणं ऐकायचं नाही आणि ऐकलंच तर पोटात ठेवायचं, हा त्यांचा जुना नेम. काकूंनी विचारलं, "अहो, ते झाड बघितलंत का, फुलांनी कसं भरलंय?" काका म्हणाले, "हं." काकूंनी वाऱ्यासाठी खिडकीबाहेर हात काढला. काका म्हणाले, "हात आत." दिवसभरातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य ते हेच.

पुढे डांबर संपलं, लाल मातीचा रस्ता लागला, फोनची रेंज गेली. दोन्हीकडे नारळाची झाडं आणि मधे गाडीपुरती वाट. ती एका बांबूच्या फाटकाशी संपली. आत गवताने शाकारलेल्या चारदोन खोल्या होत्या आणि पलीकडून लाटांचा आवाज येत होता. काका उतरले, वळसा घालून गेले आणि काकूंच्या बाजूचं दार त्यांनी अदबीने उघडलं. बॅगा नीट पायरीवर ठेवल्या. काकू तर हरखूनच गेल्या. नवऱ्याने आपल्यासाठी दार उघडलं!

"गाडी लावून येतो," काका म्हणाले.

स्वयंपाकघरामागे बदामाचं झाड होतं. अशी गार, गडद सावली काकांनी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. त्यांनी गाडी तिथे लावली, सीट मागे केली आणि डोळे मिटले. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

जाग आली ती तिथल्या राखणदाराच्या हाकेने. काकांनी काचा खाली केल्या. तो चहा घेऊन उभा होता. "घ्या. तुमचं जेवण मागच्या ओट्यावर वाढतो. झोपायला चटई आहे, पंखाही आहे."

काकांना फार बरं वाटलं. जागा चांगली आहे, म्हणाले मनात, ड्रायव्हरची आठवण ठेवतात. मग दोघांच्या गप्पा रंगल्या. रस्ता कुठे खराब आहे, खाऱ्या हवेने पत्रा कसा गंजतो, सगळं निघालं. ऊन कललं.

राखणदार कप उचलत म्हणाला, "बाई मघापासून एकट्याच बसल्यात वाळूत. दोन खुर्च्या मांडायला लावल्या, एक रिकामीच. साहेब अजून आले नाहीत का?"

"येतील की," काका म्हणाले आणि त्यांनी रस्त्याकडे नजर टाकली. "या साहेब लोकांचं काही खरं नसतं बघा. बायको बिचारी वाट बघत बसते आणि हे..."

पुढचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. राखणदाराला वाटलं, ठसका लागला. काका दार ढकलून उतरले आणि बुटांसकट वाळूतून धावत सुटले. आयुष्यात गाडीसुद्धा त्यांनी अशी दामटली नव्हती.

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. "आलात?"

"चुकलो मी," काका धापा टाकत म्हणाले. "सवयीने... तुला सोडलं आणि तिकडे जाऊन झोपलोच."

"ठाऊक आहे. दोनदा येऊन बघून गेले. काचेवर टकटक करणार होते." काकूंचा आवाज भरून आला. "मग म्हटलं, आज नाही करायची. आई गेली तेव्हा केली, तेवढी पुरे."

एवढी वर्षं जे ऐकू आलं नव्हतं ते आज ऐकू आलं, आणि काकांना स्वतःची लाज वाटली. ते रिकाम्या खुर्चीत बसले. बूट काढले. समोर सूर्य पाण्याला टेकला होता. काकूंनी नाक ओढलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "गाडी बंद केलीत ना नीट?"

काकांनी खिसा चाचपला. किल्ली गाडीलाच होती. काचा खाली, दार सताड उघडं. ते अर्धवट उठले, तसेच थांबले आणि पुन्हा खाली बसले.

"जा, बघून या," काकू म्हणाल्या.

"असू दे तिथे एकटी," काका म्हणाले आणि त्यांनी आपली खुर्ची काकूंच्या खुर्चीला भिडवली.