पाच भोकांच्या आत्याबाई

दुकानात येऊन कोणी नुसतं "ही वायर हवी" म्हटलं, की त्याचं काही खरं नसे. "कुठली वायर? तिला नावगाव, नातीगोती काही आहे की नाही?" वायरमावशींची सरबत्ती सुरू होई.

शिंपी आणि लाँड्री यांच्यामध्ये अंग चोरून बसलेल्या त्या खोलीत मावशींनी गेली तीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरांच्या कनेक्टरांचा संसार मांडला होता. पिना पुढे काढून येणारे ते जावई. त्यांना पोटात घेणारी भोकं म्हणजे सासुरवाडी. पंचवीस पिनांचे थोरले जावई, नऊ पिनांचे धाकटे. मॉनिटरची पंधरा भोकं तीन रांगांत कोंबलेली, ते दाटीवाटीचं बिऱ्हाड. कीबोर्ड आणि माऊस ही सहा पिनांची गोल डोक्याची जुळी, एकाला जांभळं टोपडं, दुसऱ्याला हिरवं. प्रत्येक वायरीला कापडी चिठ्ठी बांधलेली असे. नवऱ्याचा चष्मा रोज हरवायचा, म्हणून त्यालाही बांधायला निघाल्या होत्या. चष्म्याला नव्हे, नवऱ्याला.

पण खरा तोरा बोटांत. डोळे मिटायचे, बोट फिरवायचं, निकाल द्यायचा. मावशी चुकत नाहीत, असं सगळे म्हणत आणि सर्वांत मोठ्याने त्या स्वतः.

एका दुपारी एक बाई जुना कॉम्प्युटर छातीशी धरून आली. मागून काठी टेकत तिची आई. आई संगीतशिक्षिका. तिने बांधलेल्या चाळीस-एक चाली फ्लॉप्यांवर होत्या, कागदावर एकही नाही. दोन वर्षांपूर्वी उजवा हात लुळा पडला आणि वाजवणं थांबलं.

"दोन ठिकाणी दाखवलं," मुलगी म्हणाली. "म्हणाले, भंगार आहे. चालू होतो, फ्लॉपीही वाचतो, पण आवाज नाही. हा गेला तर चाली गेल्या, मावशी."

मावशींनी डोळे मिटले. बाजूला दोन गोल सॉकेटं, प्रत्येकात पाच भोकं. "आत्याबाई!" त्या गरजल्या. "जुन्या कीबोर्डाचं सॉकेट. गोल, ऐसपैस, दुसऱ्या कोणाला थारा न देणारं. एक वापरायचं, एक जादाचं." लगेच चिठ्ठी बांधली, अडगळीतून जुना कीबोर्ड काढून लावला. काही झालं नाही. उलटून पालटून लावला. तरी नाही. दोन दिवस मावशींनी कॉम्प्युटरशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी मायलेकी पुन्हा आल्या. मुलगी चाचरत म्हणाली, "मावशी, रागावू नका हं. पण याची बटणं याच्या अंगातच आहेत. मग वेगळा कीबोर्ड कशाला लावायचा?"

मावशींनी पहिल्यांदा डोळे उघडून त्या यंत्राकडे पाहिलं. पुढच्या बाजूला टाइप करायची बटणं ओळीने बसलेली. तीस वर्षांचा तोरा घेऊन त्या स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या, की शिंपी कात्री घेऊन डोकावला.

"बाई, तुम्ही याला काय जोडायचात?" त्यांनी शिक्षिकेला विचारलं.

"माझं इलेक्ट्रॉनिक वाद्य," शिक्षिका म्हणाल्या. "चाली कॉम्प्युटरमध्ये, आवाज वाद्यातून. मधली वायर मात्र कधीच हरवली."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमचे डोळे मिटलेले होते. म्हटलं, समाधी मोडू नये."

मुलगी धावत जाऊन वाद्य घेऊन आली. त्याच्या पाठीवर तसलीच पाच भोकं. मावशींनी चुकीची चिठ्ठी स्वतःच्या हाताने कापली, डबे उपसून दोन्ही टोकांना पाच पिना असलेली वायर शोधली. कॉम्प्युटरच्या सॉकेटांवरची अक्षरं झिजलेली होती, त्यामुळे चाल बाहेर जायची वाट कुठली, आत यायची कुठली, कळेना. मुलीने फ्लॉपीवरची एक चाल सुरू केली. पहिल्या सॉकेटात शांतता. वायर दुसऱ्यात घातली, आणि वाद्य एकदम गाऊ लागलं.

मुलीने पदर तोंडावर घेतला. शिक्षिका मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होत्या.

"लय पळतेय. कोणी वाजवलंय हे?"

"आई, तूच!"

"मग तेव्हा शिकायचं राहिलं होतं." त्यांनी काठी मुलीच्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि डावा हात पट्ट्यांवर ठेवला. "मावशी, पुन्हा पहिल्यापासून लावा. आणि डोळे उघडे ठेवून."