मोठ्या आईची स्मृतिचाचणी

सततचा ताण माणसाची स्मरणशक्ती खातो, हे सांगण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. आधी उंदरांवर काम केलं, मग माणसांवर, परिषदांत टाळ्या घेतल्या. एवढं करून घरात मी जे करून बसले, त्याचा संताप अजून गिळता येत नाही.

लाखांदूरजवळच्या आमच्या गावात माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, धानाच्या रोवण्यात, भाताच्या लावणीत, बायकांच्या टोळीची पुढारी होती. कोणाच्या शेतात आधी जायचं, किती बायका लागतील, सगळं तिच्या डोक्यात. एका सुट्टीत मी घरी असताना ती दोनदा चष्मा विसरली. तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ, म्हणाला, "तू तं मेंदूची डाक्टर हायेस. पाह्य ना जरा."

मी डॉक्टर नाही, संशोधक आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शहाणपणा दाखवायची खाज! बॅगेत छापील चाचणी होतीच. आजची तारीख विचारली, तिने अचूक तिथी सांगितली. कागदावर तिथीला रकाना नव्हता, म्हणून शून्य. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर जन्मात पेन्सिल न धरलेली ती बाई माझ्याकडे बघून हसली. तिथेही गुण गेले. हा कागद शहरातल्या शिकलेल्या लोकांसाठी बनवलाय, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बेरीज केली, खाली शेरा लिहिला, 'स्मरणशक्ती क्षीण', आणि कागद टेबलावर ठेवून आंघोळीला गेले.

भावाने त्या कागदाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मी भांडले, याचा अर्थ तसा होत नाही म्हणून डोकेफोड केली. तो म्हणाला, "आता कायले लपवून राहिली? तूच तं लिवलं."

पुढच्या रोवण्याला तिला घरी बसवलं. कोठीच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या. ती काही सांगायला लागली की घरातले एकमेकांकडे बघायचे, आणि सून तेच दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करून घ्यायची. हे रोज, दिवसातून दहादा. ताण द्यायला प्रयोगशाळेत आम्ही उंदराला अरुंद नळीत कोंडतो. त्याला निदान संध्याकाळी बाहेर तरी काढतो.

या दिवाळीला गेले तेव्हा ती ओसरीवर एकटी बसली होती. मी मुद्दाम सोपं विचारलं, "मोठी आई, पऱ्हे किती दिवसांचे झाले म्हणजे रोवायले घ्यायचे?" पन्नास वर्षं तिने धानाची ती रोपं हाताने उपटली आहेत. तिचे ओठ हलले. मग तिने दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं.

"मले नोको विचारू, बाई," ती म्हणाली. "माह्या ध्यानात नाही राह्यत. तूच तं लिवून देल्लं."