उजेडाची सोयरीक

माझ्या मावसभावाइतका हट्टी माणूस अख्ख्या सांगलीत दुसरा नाही, आणि असलाच तर याच्याशी वाद घालून तो कधीच गाव सोडून गेला असेल. गडी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि उरलेला वेळ समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांमध्ये लेसर घुसवत बसतो. उजेड आत शिरला की येरझाऱ्या घालत राहतो, आणि मधल्या हवेतला चिमूटभर वायूही पकडून देतो. पण शिरेल तर ना! बहुतेक उजेड पहिल्याच आरशावरून माघारी फिरतो. "ही सोयरीक हाय गड्या," तो म्हणतो. "रंग जुळाय पायजे, रुंदी जुळाय पायजे. जरा वाकडं आलं की स्थळ परत!" घरी मावशी आतून ओरडते, "उजेडाचं जमीवतोय, सोताचं कवा?" हा आरशाचा स्क्रू पिळतच राहतो. कॉलेजातल्या त्याच्या प्रयोगाच्या खोलीत धक्का नको म्हणून पंखा बंद, चपला बाहेर. मला एकदा शिंक आली, तर कॉलर धरून बाहेर काढलं पठ्ठ्यानं.

शेवटी प्राचार्य वैतागले. त्यांना ती खोली संगणकांसाठी हवी होती. "तपासणीची समिती येतेय. काही दाखवलंत तर ठीक, नाहीतर आरसे पेटीत भरा." "पेटीत तुमचे संगणक भरा," हा म्हणाला. तोंडावर! घाम मला फुटला.

समिती आली. मदतीला मी होतो. आरशांना जोडलेल्या डब्यात पिकलेली केळी होती, त्यांतून निघणारा वायू पकडून दाखवायचा होता. उजेड आत शिरला, पडद्यावर रेघ उभी राहिली, आणि नेमका रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला. टेबल थरथरलं, रेघ गेली. समितीतले एक साहेब घड्याळ बघू लागले. "रेघ आली की डब्याची तोटी सोड. रेघ मधी खचली की वायू घावला," मला एवढं सांगून हा अनवाणीच धावला आणि हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभा राहिला.

"आवं सर, कारखान्याची खेप हाय!"

"इंजिन बंद कर! गाण्याचा डेकबी बंद!"

"याड लागलं का काय?"

"व्हय, लागलंय!"

सगळं शांत झालं. उजेडाची वाट बघत आरसा मागेपुढे सरकवणारं त्याचं यंत्र चालूच होतं. रेघ पुन्हा उभी राहिली. मी तोटी सोडली, तशी ती मधोमध खचली. प्राचार्य हळूच म्हणाले, "राहू दे यांची खोली."

मी खिडकीतून ओरडलो, "जमलं रं! ये बघाय!" एव्हाना मागं ट्रॅक्टरांची रांग लागली होती, इंजिनं बंद करून ड्रायव्हर कोकलत होते. हा पाठमोराच. "मी हललो की ही समदी हलत्यात. तूच बघ नीट. कशी हाय?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी पडद्याला नाक लावून बघितलं. "लय देखणी हाय," मी म्हणालो.

त्यानं मागं न बघताच मान हलवली.